काय पुसावं, काय राखावं

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीला आला तेव्हा त्याच्या पोटात ८२५ जीबीची एसएसडी होती. यंत्र टीव्हीला जोडून स्टोरेजचं पान उघडलं, की खेळांसाठी मोकळी जागा दिसायची सुमारे ६६७ जीबी. उरलेली जागा यंत्राच्या स्वतःच्या प्रणालीने आधीच अडवलेली. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये १ टीबीपैकी सुमारे ८०२ जीबी हाती लागतात, तर धाकट्या सिरीज एसच्या मूळ मॉडेलमध्ये ५१२ जीबीपैकी जेमतेम ३६४. निन्टेन्डोच्या २०१७ च्या स्विचमध्ये तर मुळात ३२ जीबीच होते.

आता खेळांकडे पाहा. ‘रेड डेड रिडम्प्शन २’ शंभर जीबीच्या आसपास जातो. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ आणि त्याला जोडलेला ‘वॉरझोन’ मिळून एका टप्प्यावर २०० जीबीच्या वर गेले होते. असा एक खेळ सिरीज एसवर उतरवला, की निम्म्याहून जास्त जागा संपली. सोनीने २०२३ च्या बारीक मॉडेलमध्ये १ टीबी आणि २०२४ च्या ‘प्रो’मध्ये २ टीबी दिले खरे, पण ‘जागा पुरेशी नाही’ हा संदेश त्यामुळे थांबला नाही, थोडा उशिरा येऊ लागला, इतकंच.

हा संदेश बहुधा नको त्या वेळी येतो. शनिवारची संध्याकाळ, मित्र ऑनलाइन येऊन थांबलेले, नवं अपडेट उतरायला जागा नाही, आणि घाईघाईत हाताला लागेल ते डिलीट केलं जातं. बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही. कधीकधी मात्र कित्येक महिन्यांची प्रगती कायमची जाते. या प्रकरणात मला एकच भेद वाचकाच्या हाती द्यायचा आहे. कन्सोलवरच्या काही गोष्टी पुसल्या तरी परत मिळतात आणि काही परत मिळत नाहीत. आणि त्यांच्या आकाराचं नातं नेमकं उलटं आहे : शंभर जीबीचा खेळ पुन्हा उतरवता येतो, पण काही एमबींची सेव्ह फाइल एकदा गेली की गेली. जागा मोकळी करण्याचे सगळे निर्णय या एका भेदावरून घेता येतात.

हे दोन प्रकार एकाच डब्यात येऊन बसले ते तसे अलीकडेच. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला तेव्हा अख्खा खेळ ४० केबींचा होता आणि तो कॅसेटमधल्या चिपवर कोरलेला असे. निन्टेन्डोच्या त्या कन्सोलला स्वतःची साठवण नव्हतीच. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या अनेक घरांत टीव्हीला जोडायचे जे ‘व्हिडिओ गेम’ आले, ते निन्टेन्डोच्या त्याच यंत्राच्या नकला होत्या. वीज गेली की खेळ पहिल्यापासून. जपून ठेवण्यासारखं यंत्रात काही नसायचंच. पुढे सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनने खेळ सीडीवर दिला आणि खेळाडूची प्रगती साठवायला वेगळं मेमरी कार्ड दिलं. ते १२८ केबींचं, त्याचे १५ ब्लॉक. प्लेस्टेशन २ चं कार्ड ८ एमबींचं होतं. त्या काळात जागा कमी पडायची तीही कार्डावरच, त्यामुळे काय पुसतोय हे खेळाडूला पक्कं ठाऊक असायचं. खेळ एका वस्तूत, आपली कमाई दुसऱ्या वस्तूत.

२००१ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समध्ये ८ जीबीची हार्ड डिस्क आतच बसवलेली आली आणि ही फारकत संपू लागली. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनपासून तर डिस्कवरचा खेळ आधी आतल्या ड्राइव्हवर उतरवणं सक्तीचंच झालं. डिस्क विकत घेतली म्हणजे जागा वाचते, असा समज अजूनही भेटतो. तो चुकीचा आहे. प्लेस्टेशन ५ ची डिस्क १०० जीबीपर्यंत मजकूर धरते, पण तो सगळा एसएसडीवर उतरतो आणि त्यानंतर ती चकती फक्त किल्लीचं काम करते : खेळ तुमच्या मालकीचा आहे एवढंच ती यंत्राला सांगते. डिस्कचा फायदा आहे तो डाउनलोड वाचण्याचा. निन्टेन्डोच्या पहिल्या स्विचची कार्डं या बाबतीत वेगळी, कारण तिथे बहुतेक खेळ खरोखरच कार्डावरून चालतो. पण जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ साठी ‘गेम-की कार्ड’ नावाचा प्रकार निघाला, त्यात खेळ नसतोच, नुसती किल्ली असते. खोक्यावरची सूचना वाचूनच विकत घ्यावं.

खेळ एवढे फुगले कशाने, हे समजून घेणं केवळ कुतूहलाचं नाही. काय काढून टाकता येईल, याचं उत्तर त्यातच आहे.

पहिलं कारण चित्रांचं. खेळातली एखादी दगडी भिंत म्हणजे सपाट पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र असतं, त्याला टेक्स्चर म्हणतात. आज असं चित्र ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचं असणं नेहमीचं झालं आहे. म्हणजे एक कोटी ६७ लाखांहून जास्त ठिपके. प्रत्येकाच्या रंगासाठी ४ बाइट धरले तर एका चित्राचे ६७ एमबी होतात. ग्राफिक्स चिपला समजेल अशा पद्धतीने ते दाबून ठेवतात, तरी ठिपक्यामागे एक बाइट, म्हणजे १७ एमबी राहतातच. भिंत लांबून दिसते तेव्हासाठी त्याच चित्राच्या लहान-लहान प्रती ठेवाव्या लागतात, त्याने आणखी तिसरा हिस्सा वाढतो. आणि एका भिंतीला एक चित्र पुरत नाही : रंगाचं एक, खडबडीतपणाचं एक, उंचसखलपणाचं एक. लांबी-रुंदी दुप्पट केली की जागा चौपट लागते, त्यामुळे ४के टीव्ही घरोघरी येत गेले तसे खेळ झपाट्याने वाढले.

दुसरं कारण आवाजाचं, आणि त्यात निर्मात्यांची निवड दिसते. २०१४ साली आलेला ‘टायटनफॉल’ संगणकावर ४८ जीबी जागा घेत असे. त्यातले सुमारे ३५ जीबी नुसता न दाबलेला आवाज होता. आवाज दाबून ठेवला असता तर खेळ चालू असताना तो उलगडण्याचं काम प्रोसेसरवर पडलं असतं आणि दोन गाभ्यांच्या साध्या संगणकांवर खेळ अडखळला असता. निर्मात्यांनी प्रोसेसरचा भार वाचवला आणि किंमत ड्राइव्हच्या जागेने चुकती केली. भाषांचंही असंच होतं. बोलण्याचे संवाद पाच-सात भाषांत ध्वनिमुद्रित केलेले असतात, आपण ऐकतो एकच.

तिसरं कारण मला सर्वांत रंजक वाटतं : एकच गोष्ट पुनःपुन्हा साठवणं. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि वाचणारं डोकं तिच्यावर पुढे-मागे सरकतं. माहिती ओळीने मांडलेली असेल तर वाचन भराभर होतं, विखुरलेली असेल तर प्रत्येक तुकड्यासाठी डोक्याला धावावं लागतं आणि त्यात कित्येक मिलिसेकंद जातात. प्लेस्टेशन ४ ची डिस्क सेकंदाला ५० ते १०० एमबी वाचू शके, तीही माहिती जवळजवळ असेल तर. प्लेस्टेशन ५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधल्या आपल्या भाषणात यावर ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’चं उदाहरण दिलं होतं. त्या खेळात न्यू यॉर्क शहर आहे आणि नायक इमारतींवरून झोके घेत वेगाने पुढे जातो. पुढचा चौक वेळेत वाचून झाला पाहिजे, म्हणून त्या चौकाला लागणारं सगळं सामान डिस्कवर एकत्र ठेवलं होतं. टपालपेटी किंवा वर्तमानपत्रांचं फडताळ यांसारख्या जवळजवळ प्रत्येक चौकात असणाऱ्या वस्तू त्यामुळे डिस्कवर तब्बल ४०० वेळा साठवल्या गेल्या. शोधाशोध नको म्हणून घरातल्या प्रत्येक खोलीत वेगळी कात्री ठेवावी, तसा हा हिशोब. वेळ वाचतो, पण कात्र्यांनी घर भरतं.

एसएसडीत सरकणारं डोकं नाही. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी कच्चा मजकूर वाचते आणि माहिती कुठेही असली तरी तिला फारसा फरक पडत नाही. तिथे एक टपालपेटी पुरते. हा फरक किती मोठा असू शकतो ते ‘हेलडायव्हर्स २’ने दाखवलं. या खेळाची संगणकावरची आवृत्ती सुमारे १५४ जीबींची झाली होती, तर कन्सोलवरची साधारण ३५ जीबींची. संगणकवाल्यांपैकी काहींकडे अजून हार्ड डिस्क असेल, त्यांचा विचार करून प्रती साठवल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये निर्मात्यांनी त्या प्रती काढून तीच आवृत्ती २३ जीबींवर आणली. खेळ सुरू व्हायला लागणारा वेळ बहुतांशी डिस्कवाचनाचा नव्हताच, तो रणभूमी घडवण्यात जात होता, हेही मोजमापातून कळलं. एकशे तीस जीबी खेळाडूंच्या ड्राइव्हवर जवळजवळ विनाकारण पडून होते. खेळाडूच्या ड्राइव्हची जागा फुकट नसते, ती त्याने पैसे मोजून घेतलेली असते, हे निर्मात्यांनी मनावर घेतलं तर किती फरक पडतो, याचा हा पुरावा आहे.

याचा घरच्या कन्सोलशी थेट संबंध असा. प्लेस्टेशन ५ वर जुने प्लेस्टेशन ४ चे खेळही चालतात आणि ते आपल्या मूळ बांधणीतच, त्या प्रतींसकट, येतात. बऱ्याच खेळांच्या दोन्ही आवृत्त्या एकाच खात्यात असतात आणि नकळत दोन्ही उतरवल्या जातात. यादीत खेळाच्या नावाशेजारी ‘पीएस४’ अशी खूण दिसली, तर त्याची प्लेस्टेशन ५ ची आवृत्ती आपल्याकडे आहे का ते पाहावं. असेल तर जुनी काढून टाकण्यासारखा दुसरा सोपा फायदा नाही. मात्र आधी एक काम : काही खेळांत जुन्या आवृत्तीतली प्रगती नव्या आवृत्तीत आपोआप येत नाही, जुना खेळ उघडून त्याच्या मेनूतून ती वर चढवावी लागते. ‘स्पायडर-मॅन : माइल्स मोरालेस’मध्ये तसं होतं. नव्या आवृत्तीत आपली प्रगती दिसली, की मगच जुनी पुसावी.

प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, मग स्टोरेज, मग कन्सोल स्टोरेज असं गेलं की जागा कुणी किती व्यापली ते कळतं. लोक थेट खेळांच्या यादीत शिरतात. मी आधी मीडिया गॅलरी पाहायला सांगेन. प्लेस्टेशन ५ मध्ये ट्रॉफी मिळाली की त्या क्षणाचा फोटो आणि छोटा व्हिडिओ आपोआप साठतो, आणि ही सोय यंत्र घरी येतानाच चालू असते. एका खेळात चाळीस-पन्नास ट्रॉफ्या असणं सामान्य आहे. घरात दोन-तीन जण खेळणारे असतील तर कुणीही न मागितलेले शेकडो व्हिडिओ जमा होतात. सेटिंग्जमधल्या ‘कॅप्चर्स अँड ब्रॉडकास्ट्स’मध्ये ट्रॉफीचे व्हिडिओ बंद करता येतात. गॅलरीतलं काही मोलाचं असेल, उदाहरणार्थ मुलीने पहिल्यांदा एखादा अवघड शत्रू हरवला तो क्षण, तर ते एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावं. गॅलरीतल्या गोष्टी ‘परत न मिळणाऱ्या’ गटातल्या आहेत. पुन्हा डाउनलोड करायला त्या कुठल्याही दुकानात नाहीत.

त्यानंतर खेळांचे भाग. मोठे खेळ आता तुकड्यातुकड्यांनी बसवता आणि काढता येतात, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. ‘कॉल ऑफ ड्यूटी’चं कथानक खेळून झालं आणि आता फक्त मित्रांशी ऑनलाइन खेळायचं असेल, तर कथानकाचा भाग तेवढा काढता येतो. प्लेस्टेशन ५ वर खेळाच्या चित्रावर ऑप्शन्सचं बटण दाबून ‘मॅनेज गेम कंटेंट’ निवडायचं; एक्सबॉक्सवर मेनूच्या बटणाखाली तशीच सोय आहे. ‘हेलो : द मास्टर चीफ कलेक्शन’मध्ये तर अनेक खेळ एकत्र आहेत आणि हवे तेवढेच ठेवता येतात. प्रत्येक निर्माता ही सोय देत नाही. दिली असेल तर काही मिनिटांत चाळीस-पन्नास जीबी मोकळे होऊ शकतात आणि खेळ हातचा जातही नाही.

मग अख्खे खेळ. इथे आकाराच्या उतरत्या क्रमाने यादी लावून सर्वांत वरचा पुसावा, असा मोह होतो. तो आवरावा. दर आठवड्याला खेळला जाणारा १५० जीबींचा खेळ पुसला, तर पुढच्याच शनिवारी तो पुन्हा उतरवावा लागेल. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर १०० जीबी उतरायला, वेग सलग पूर्ण मिळाला तरी, साडेचार तासांच्या आसपास लागतात. घरातल्या बाकीच्यांच्या मालिका आणि ऑफिसच्या बैठका त्याच वायफायवर असतील तर अख्खी रात्र जाते. शिवाय ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या ब्रॉडबँड योजनांनाही महिन्याची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग खाली येतो. म्हणून कथा संपलेले आणि वर्षभरात पुन्हा न उघडलेले खेळ आधी काढावेत, ते थोडे लहान असले तरी चालेल. आणि एखाद-दुसऱ्या जीबीचे छोटे खेळ पुसण्यात वेळ घालवू नये. असे दहा काढले तरी एका मोठ्या खेळाचं अपडेट त्यात मावेलच असं नाही.

खेळ पुसताना सेव्ह जात नाही, हे इथे ठाम सांगायला हवं, कारण या भीतीने अनेक जण नको असलेले खेळही वर्षानुवर्षं सांभाळतात. प्लेस्टेशनवर खेळ डिलीट केला तरी सेव्ह फाइल यंत्रातच राहते. खेळ पुन्हा उतरवला की जिथे सोडला होता तिथून सुरू होतो. स्विचवर खेळ ‘डिलीट’ करता येतो किंवा ‘अर्काइव्ह’ करता येतो. अर्काइव्ह केल्यावर पडद्यावरचं चित्र तसंच राहतं आणि त्यावर दाबलं की खेळ परत उतरतो. दोन्हींत सेव्ह शाबूत. एक्सबॉक्सवर सेव्ह क्लाउडमध्ये आपोआप चढत असते आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

सेव्ह जाते ती वेगळ्या वाटांनी. एक म्हणजे जागेच्या शोधात थेट ‘सेव्ह्ड डेटा’च्या यादीत शिरून ती पुसणं. बहुतेक सेव्ह फाइली काही एमबींच्या असतात, त्यामुळे सगळ्या पुसल्या तरी एका मध्यम खेळाइतकीही जागा क्वचितच मिळते. त्या यादीत शिरण्याचं जागेसाठी म्हणून काही कारणच नाही. दुसरी वाट जास्त धोक्याची : खातं पुसणं. सुट्टीत आलेल्या भाच्यासाठी केलेलं खातं, दादा होस्टेलला गेल्यावर तसंच राहिलेलं खातं, आता काय कामाचं म्हणून काढून टाकलं जातं. प्लेस्टेशनवर आणि स्विचवर खातं पुसलं की त्या खात्याच्या यंत्रातल्या सगळ्या सेव्ह फाइलीही पुसल्या जातात. दादाला आधी विचारावं.

या फाइलींची दुसरी प्रत कुठे ठेवता येते, हेही यंत्रागणिक वेगळं आहे. प्लेस्टेशन ४ च्या खेळांच्या सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवता येतात. प्लेस्टेशन ५ च्या खेळांच्या मात्र येत नाहीत. त्यांच्यासाठी पीएस प्लसचं सशुल्क सभासदत्व घेऊन क्लाउड हाच नेहमीचा मार्ग आहे. स्विचवरही क्लाउडसाठी सभासदत्व लागतं, आणि तरीही ‘स्प्लॅटून २’, ‘पोकेमॉन स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’ यांसारखे काही खेळ त्यातून वगळलेले आहेत. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ची सेव्हही त्या नेहमीच्या मार्गाने जात नाही, त्या खेळातल्या बेटाच्या प्रतीसाठी स्वतंत्र सोय आहे, ती आपण चालू करायची असते. स्विचमध्ये मायक्रोएसडी कार्ड घातलं तरी सेव्ह कार्डावर जात नाही, ती यंत्राच्या आतच राहते. म्हणजे कार्ड हरवलं तर खेळ जातील आणि परत उतरतील, यंत्र हरवलं तर प्रगती जाईल. ज्याच्या पैशांवर खेळ विकत घेतला, त्याच्या मालकीची एवढी छोटी फाइल त्याला साध्या पेनड्राइव्हवर घेऊ न देणं मला अन्यायाचं वाटतं. खेळाडूने शंभर तास घालून घडवलेली ती एकच वस्तू आहे.

खेळ परत मिळतात, असं मी आतापर्यंत म्हणत आलो. त्याला अपवाद आहेत आणि ते माहीत असलेले बरे. ऑगस्ट २०१४ मध्ये कोनामी कंपनीने प्लेस्टेशन ४ साठी ‘पी.टी.’ नावाची एक छोटी भयकथा फुकट दिली. खेळनिर्माते हिदेओ कोजिमा आणि चित्रपट दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या येऊ घातलेल्या ‘सायलेंट हिल्स’ या खेळाची ती झलक होती. एकच कॉरिडॉर, पुनःपुन्हा तोच, दर वेळी थोडा बदललेला. पुढे मुख्य खेळ रद्द झाला आणि एप्रिल २०१५ मध्ये ‘पी.टी.’ दुकानातून काढण्यात आली. ज्यांनी ती आधी घेतली होती त्यांनाही पुन्हा उतरवता येईना. दुसरा खेळ बसवायला म्हणून ज्यांनी ती पुसली त्यांची ती कायमची गेली, आणि ‘पी.टी.’ बसवलेले जुने कन्सोल चढ्या किमतींना विकायला निघाले. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा शर्यतींचा खेळ तर ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्यावर ड्राइव्हवर असूनही खेळता येईनासा झाला.

बहुतेक खेळांवर अशी पाळी येत नाही. विक्री थांबलेले खेळही विकत घेणाऱ्याला सहसा आपल्या लायब्ररीतून उतरवता येतात. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू यांची दुकानं २७ मार्च २०२३ रोजी खरेदीसाठी बंद केली, तेव्हाही आधी घेतलेले खेळ उतरवण्याची सोय चालू ठेवली. तरीही पुसण्याआधी तो खेळ आपल्या लायब्ररीत दिसतो ना, एवढं पाहून घ्यावं. पीएस प्लस किंवा गेम पास यांच्या कॅटलॉगमधून घेतलेला खेळ कॅटलॉगमधून निघाला असेल, तर तो परत खेळायला विकत घ्यावा लागतो.

पुसणं नको असेल तर हलवणं हा मार्ग आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या दोन्हींवर यूएसबी ३ ची बाहेरची ड्राइव्ह जोडता येते. प्लेस्टेशन ४ चे खेळ आणि एक्सबॉक्सचे जुन्या पिढ्यांचे खेळ तिच्यावरून थेट चालतात, म्हणून असे सगळे खेळ तिकडे हलवणं हा माझ्या मते पैशांच्या मानाने सर्वांत चांगला उपाय. नव्या पिढीसाठी बनवलेले खेळ तिच्यावर नुसते ठेवता येतात. खेळायचे तेव्हा आत आणावे लागतात, कारण त्यांना लागणारा वेग यूएसबीतून मिळत नाही. तरी शंभर जीबी ड्राइव्हवरून आत आणायला मिनिटं लागतात, नेटवरून उतरवायला तास. प्लेस्टेशन ५ साठी ही ड्राइव्ह किमान २५० जीबींची हवी. आणि एक गोष्ट अगदी कटाक्षाने : कन्सोल ती ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करतो. कपाटात पडलेली जुनी हार्ड डिस्क हाताशी येते, आणि तिच्यावर कुणाच्या तरी मुंजीचे, लग्नाचे फोटो असतात. आधी संगणकाला लावून पाहावं.

नव्या खेळांसाठीच जागा वाढवायची असेल तर प्लेस्टेशन ५ च्या आत एम.२ प्रकारची एसएसडी बसवण्याची खाच आहे; सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून ती वापरता येते. ड्राइव्ह चौथ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीची हवी, सोनीच्या शिफारशीनुसार वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त हवा, आणि तिच्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, असायलाच हवी. पट्टीसकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या वर गेली तर झाकण बसत नाही, आणि ही चूक दुकानात कुणी दाखवून देत नाही. एक्सबॉक्ससाठी मागच्या खाचेत घालायचं खास कार्ड मिळतं. स्क्रूड्रायव्हर लागत नाही, पण पैसे जास्त पडतात. स्विच २ ला ‘मायक्रोएसडी एक्सप्रेस’ कार्डच लागतं. पहिल्या स्विचमधलं साधं कार्ड त्यात खेळांसाठी चालत नाही.

एवढं करून झाल्यावरही ड्राइव्ह काठोकाठ भरू नये. अपडेट उतरताना यंत्राला काम करायला मोकळी जागा लागते. प्लेस्टेशन ४ वर हे फार जाणवतं, कारण तिथे पाच जीबींचं अपडेट बसवतानाही अख्ख्या खेळाची नवी प्रत बनते आणि तेवढी जागा रिकामी नसेल तर अपडेट अडून राहतं. आपल्या सर्वांत मोठ्या खेळाएवढी जागा प्लेस्टेशन ४ वर नेहमी मोकळी ठेवावी.

कधी खेळ काढूनही आकडा हलत नाही आणि ‘अदर’ नावाच्या रकान्यात बरेच जीबी अडकलेले दिसतात. त्यासाठी प्लेस्टेशन ५ पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दुसरा बीप ऐकू येईपर्यंत, म्हणजे साधारण सात सेकंद, दाबून धरायचं आणि कंट्रोलर वायरने जोडायचा. उघडलेल्या सेफ मोडमध्ये कॅशे साफ करून डेटाबेस नव्याने बांधण्याचा पर्याय असतो, त्याच्या आत पुन्हा दोन्ही कामं वेगवेगळी दिलेली असतात. त्यांनी खेळ किंवा सेव्ह जात नाहीत आणि अडकलेली जागा बरेचदा सुटते. त्याच यादीत तळाशी कन्सोल ‘रीसेट’ करण्याचे पर्याय आहेत. त्यांनीही जागा मोकळी होते, ती सगळी सेव्ह आणि सगळी खाती पुसून. क्लाउडवर प्रत चढवलेली असल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय तिथपर्यंत खाली जायचं नाही.